मधले दिवस

इराणचा सम्राट दरायस याची राणी अतोस्सा हिच्या छातीवर एक गाठ उठली. ती लहान होती तोवर राणीने लाजेपायी कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. गाठ फुटून पसरू लागली तेव्हा कुठे तिने डेमोसिडीज नावाच्या ग्रीक वैद्याला बोलावणे धाडले. ही हकीकत हेरोडोटसने लिहून ठेवली आहे. ती गाठ कर्करोगाची होती की साधे गळू होते, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. वैद्याने राणीला बरे केले असे हेरोडोटस म्हणतो, त्यावरून गळूच असावे असा माझा आपला तर्क. पण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या राणीचे ते लपविणे मात्र आपल्या चांगले ओळखीचे आहे. सुनेचे बाळंतपण उरकेपर्यंत, धाकट्याची परीक्षा होईपर्यंत, पाहुणे परत जाईपर्यंत आपल्याकडच्या किती बायकांनी पदराआड हेच केले आहे! सणासुदीच्या अंकात दुखण्याचा विषय कशाला, असे म्हणून कोणी नाक मुरडील, तर त्याला माझे उत्तर एवढेच, की ‘दिवाळी होऊन जाऊ दे, मग दाखवू’ हे वाक्य आपल्याच घरांतून ऐकू येते.

मला लिहावयाचे आहे ते मात्र या लपविण्याविषयी नव्हे, त्याच्या पुढच्या मुक्कामाविषयी. गाठ दाखवून झाली आहे. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला आहे. आणि आता पुढे काय करावयाचे, शस्त्रक्रिया आधी की औषध आधी, किती कापावयाचे आणि किती राखावयाचे, हे अजून ठरावयाचे आहे. निदान झाले आहे आणि उपचार सुरू झालेले नाहीत, असे ते मधले दिवस. त्यातून गाठ दुर्मिळ जातीची निघाली तर हे दिवस आणखी लांबतात, कारण मग डॉक्टरांनाच दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे लागते. वैद्यकाच्या इतिहासात शस्त्रक्रियांच्या तारखा असतात, शल्यवैद्यांची चरित्रे असतात, औषधांच्या शोधांची सविस्तर वर्णने असतात. या मधल्या दिवसांना त्यात ओळभर जागा मिळणे कठीण. परंतु एका बाईने ते दिवस स्वतः लिहून ठेवले आहेत, आणि सुदैवाने ती बाई लेखिका होती.

तिचे नाव फॅनी बर्नी. जन्म 1752 चा, इंग्लंडातला. 1778 साली तिची ‘एव्हलिना’ ही कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली आणि लंडनमध्ये गाजली. पुढे पाच वर्षे तिने इंग्लंडच्या राणीच्या पदरी वस्त्रागाराची चाकरी केली, तीत ती कंटाळून गेली, आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी दार्ब्ले नावाच्या एका निर्वासित फ्रेंच सेनाधिकाऱ्याशी तिने लग्न केले. 1802 साली नवऱ्यामागोमाग मुलाला घेऊन ती फ्रान्सला गेली. थोडेच दिवस राहावयाचे म्हणून गेली, तोच इंग्लंड व नेपोलियन यांचे युद्ध पुन्हा पेटले आणि ती तेथेच दहा वर्षे अडकून पडली. माहेरची पत्रे महिनोन् महिने यावयाची नाहीत, आलीच तर कोणा प्रवाशाच्या हाती लपूनछपून. अशा परमुलखात 1810 च्या सुमारास तिच्या उजव्या स्तनात दुखू लागले.

तिने प्रथम दुर्लक्षच केले. नवऱ्याने आग्रह केला, मैत्रिणींनी आग्रह केला, तेव्हा दुब्वा नावाच्या नामांकित वैद्याला बोलाविण्यात आले. हा प्रत्यक्ष सम्राज्ञीचा प्रसूतिवैद्य. त्याने तिला तपासले, काही औषध लिहून दिले, स्वस्थ राहण्यास सांगितले, आणि तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन तो बराच वेळ बोलत बसला. वैद्य निघून गेल्यावर नवरा खोलीत आला. त्याने तोंडाने काही सांगितले नाही, पण त्याचा चेहरा पाहून ती काय समजावयाचे ते समजली. वाचकांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. शरीर फॅनीचे, दुखणे फॅनीचे, आणि निदान सांगितले गेले ते दुसऱ्या माणसाला. पुढे दीडशे वर्षे हे असेच चालणार होते.

मग लारे यांना बोलाविले. डोमिनिक लारे हे नेपोलियनच्या शाही रक्षकदलाचे मुख्य शल्यवैद्य. जखमी शिपायांना रणांगणातूनच उचलून आणणाऱ्या वेगवान गाड्यांची कल्पना यांचीच. पुढच्याच वर्षी बोरोदिनोच्या लढाईत या गृहस्थाने एका दिवसरात्रीत सुमारे दोनशे हातपाय कापले. असा हा पोलादी हाताचा माणूस मनाने मात्र फार हळवा होता. त्याने काही काळ औषधोपचार करून पाहिले, आराम पडल्यासारखेही वाटले, पण गाठ पुन्हा वाढू लागली. आणखी वैद्यांना विचारले गेले. अखेर तिघाचौघांचे एकमत झाले, की कापल्यावाचून गत्यंतर नाही. दुब्वाने तिला स्पष्टच सांगितले, की यातना फार होतील, आणि त्या होताना तिने ओरडावे, आवरून धरू नये, असे दुसऱ्या एका वैद्याने बजावले. ते भुलेच्या औषधाआधीचे दिवस होते, हे वाचकांना सांगावयास नकोच.

तिची संमती मिळाली. आता आजउद्या बोलावणे येणार म्हणून ती दारावरच्या प्रत्येक टकटकीला दचकू लागली. परंतु एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला, आणि चांगले तीन आठवडे तसेच गेले! लारे मधून मधून येत, तिला पाहत, खिन्न चेहऱ्याने बसत आणि काहीच न बोलता निघून जात. हे तीन आठवडे तिने कसे काढले असतील? ती कादंबरीकार होती. घडले नाही तेही डोळ्यांपुढे उभे करण्याची तिला सवय होती, आणि अशा वेळी ही सवय केवढी वैरी ठरते ते सांगावयास नको. नवऱ्याला तिने धीर दिला. आणि वैद्य एवढा उशीर का करीत आहेत, याचा तिला काही केल्या उलगडा होईना.

तो उलगडा झाला तेव्हा कळले ते असे, की लारेसुद्धा वाटच पाहत होते. त्यांना रीतसर बोलावणे हवे होते, आणि तेही लेखी. इकडे तिला वाटे वैद्य आपणहून दिवस ठरवतील, तिकडे वैद्याला वाटे बोलावल्यावाचून एवढ्या भयंकर कामाला कसे जावे. फॅनी म्हणते, ते पत्र लिहिणे माझ्याने झाले नाही, होकार देण्यातच माझे सारे बळ सरले होते. शेवटी ते पत्र तिच्या नवऱ्याने लिहिले, की शस्त्रक्रिया करावयाचीच असेल तर आता विलंब नको.

दोनशे वर्षांपूर्वीचा हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. आज इस्पितळात शस्त्रक्रियेआधी रुग्णापुढे एक छापील संमतिपत्र ठेवतात आणि बहुतेक माणसे ते न वाचताच सही करून मोकळी होतात. त्या कागदाच्या पोटी केवढा इतिहास आहे! एका थोर शल्यवैद्याला कागद मिळाला नाही म्हणून तीन आठवडे एक बाई दारावरच्या टकटकीला दचकत होती.

1811 च्या सप्टेंबरची 30 तारीख उजाडली. फॅनी अंथरुणातच होती, तोच लारे यांचे पत्र आले, की दहा वाजता येत आहोत, नवऱ्याला घरात राहू देऊ नका. तिने थोडी सवड मागून घेतली, कारण नवऱ्याला सुगावा न लागता त्याला कचेरीच्या कामात गुंतवून ठेवावयाचे होते. एक वाजता ती सिद्ध झाली, तेव्हा निरोप आला, की दुब्वांना तीन वाजेपर्यंत सवड नाही. पुन्हा दोन तास! ती दिवाणखान्यात गेली, तो तेथे पट्ट्या, कापडाच्या घड्या, स्पंज आणि पिंजलेल्या सुताचे बोळे यांचा ढीग रचून ठेवलेला. तो पाहून तिला मळमळून आले. मग ती या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालीत राहिली, इतकी की अखेर भीतीही बधिर होऊन गेली. तीन वाजता चार गाड्या दारापाशी थांबल्या आणि काळे कपडे घातलेले सात पुरुष कोणी न विचारता तिच्या खोलीत शिरले.

पुढचे मी थोडक्यात आटोपतो. तिच्या तोंडावर एक तलम रुमाल टाकण्यात आला. तो इतका तलम होता की त्यातून तिला पात्याची चकाकी दिसली. शस्त्रक्रिया आणि मलमपट्टी मिळून वीस मिनिटे लागली, आणि त्या वीस मिनिटांत बहुतेक काळ ती किंचाळत होती. सारे संपल्यावर तिने डोळे उघडले, तेव्हा तिला दिसला तो लारेंचा चेहरा, तिच्याइतकाच पांढराफटक पडलेला आणि रक्ताने माखलेला. ती जगली. नुसती जगली नाही, पुढल्याच वर्षी मुलाला घेऊन गलबतातून इंग्लंडला निसटली, आणखी एक कादंबरी लिहिली, बापाचे चरित्र लिहिले, आणि 1840 साली सत्त्याऐंशीव्या वर्षी वारली. तिला झालेली गाठ खरोखर कर्करोगाचीच होती का, याविषयी आजचे काही डॉक्टर शंका घेतात. लारेंच्या शिष्याने टिपून ठेवलेल्या अहवालात मात्र ती कर्करोगाची असल्याचे नमूद आहे.

बहीण एस्थर हिला तिने ही सारी हकीकत पत्राने कळविली. 1812 च्या मार्चमध्ये लिहावयास घेतलेले पत्र पुरे व्हायला जून उजाडला. लिहिताना डोके ठणके, लेखणी खाली ठेवावी लागे, आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहणे तिला अखेरपर्यंत जमले नाही. पत्र वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. त्या बाईने वीस मिनिटांना जेवढी जागा दिली आहे, त्याहून कितीतरी अधिक जागा आधीच्या वाट पाहण्याला दिली आहे.

फॅनी पॅरिसमध्ये ज्या सप्टेंबरात दारावरची टकटक ऐकत होती, त्याच सप्टेंबरात अटलांटिकच्या पलीकडे आणखी एक बाई एका पत्राच्या उत्तराची वाट पाहत होती. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांची ही कन्या ॲबिगेल, घरातली नॅबी. वय 46. न्यूयॉर्क संस्थानातील आडगावी तिचा संसार. गाठ लागली तेव्हा तिनेही बरेच दिवस काढले, मग आईच्या आग्रहाने माहेरी क्विन्सीला आली. बोस्टनच्या वैद्यांनी फारशी काळजी दाखविली नाही, विषारी वनस्पतीच्या गोळ्या दिल्या. तिचे समाधान झाले नाही. 12 सप्टेंबर 1811 रोजी तिने फिलाडेल्फियाचे विख्यात वैद्य बेंजामिन रश यांना आपल्या हाताने पत्र लिहून सारी लक्षणे कळविली.

रश यांचे उत्तर 20 तारखेचे आहे. ते आले, पण तिच्या नावाने नव्हे, तिच्या वडिलांच्या नावाने. वेळ न दवडता शस्त्रक्रिया करा, असा स्पष्ट सल्ला त्यात होता. आणि आईबापांनी तो मुलीला हळूहळू, तिला धक्का बसणार नाही अशा बेताने सांगावा, अशी सूचनाही होती. रश हे ॲडम्स यांचे जुने स्नेही होते, त्यांच्या मनात माया होती यात शंका नाही. तरीही मला हे खटकते. शेहेचाळीस वर्षांच्या, मुलाबाळांच्या बाईने स्वतः विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिला हळूहळू कळणार! 8 ऑक्टोबरला, म्हणजे फॅनीच्या शस्त्रक्रियेनंतर आठच दिवसांनी, बोस्टनच्या जॉन वॉरन यांनी क्विन्सीच्या घरीच नॅबीची शस्त्रक्रिया केली. ती उठली, बरी झाली, घरी परतली. पण रोग आत उरला होता. 1813 च्या उन्हाळ्यात, शरीराची लाकडे झालेली असताना, ती सुमारे तीनशे मैलांचा गाडीरस्ता तुडवीत पुन्हा बापाच्या घरी आली, आणि ऑगस्टमध्ये तेथेच तिने प्राण सोडला.

या दोघींना जर कोणी सांगितले असते, की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एका वैद्याने हीच शस्त्रक्रिया रुग्णाला झोपवून केली आहे, तर त्यांचा विश्वास बसला नसता. जपानातील हानाओका सेईशू याने 13 ऑक्टोबर 1804 रोजी साठ वर्षांच्या एका बाईच्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढली, ती तिला भूल देऊन. त्याच्या औषधात मुख्य होते ते आपल्या ओळखीचे दोघे, धोत्रा आणि बचनागाच्या जातीचे एक मूळ. हे मिश्रण सिद्ध करण्यात त्याची वीस एक वर्षे गेली. त्याच्या बायकोने ते स्वतःवर करून पाहू दिले, आणि त्यात तिचे डोळे गेले. पण जपानची दारे त्या काळी जगाला बंद होती, आणि ही वार्ता कित्येक वर्षे बाहेर पडली नाही. पश्चिमेकडे भूल आली ती 16 ऑक्टोबर 1846 रोजी, बोस्टनमध्ये, ईथरच्या रूपाने. त्या दिवशी सर्वांसमक्ष पहिली शस्त्रक्रिया करणारे जॉन कॉलिन्स वॉरन हे नॅबीच्या शल्यवैद्याचे चिरंजीव. बापाच्या हातून जे सुटले नव्हते, ते मुलाच्या हयातीत सुटले.

भूल आली आणि वेदना गेली. पण तिच्यामागून एक निराळेच संकट आले, आणि ते ध्यानात यायला पुढची शंभरावर वर्षे लागली.

बाल्टिमोरच्या विल्यम हॅल्स्टेड यांनी 1894 साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. नुसता स्तन नव्हे, तर त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी, सारे एकत्र काढावयाचे. रोगाची पाळेमुळे खणावयाची, असा विचार. वरवर पाहता तो पटण्यासारखा होता, आणि सुमारे पाऊण शतक जगभर तोच चालला. बायका बऱ्या होत, पण हात सुजे, खांदा जाई, छातीचा सापळा उरे. पुढे 1905 मध्ये अमेरिकेतील मेयो इस्पितळात विल्सन नावाच्या रोगतज्ज्ञाने गाठीचा तुकडा क्षणात गोठवून, त्याची चकती रंगवून, काही मिनिटांत निदान सांगण्याची युक्ती काढली. या दोन गोष्टी एकत्र आल्या, आणि मधले दिवस नाहीसेच झाले.

कसे ते पाहा. बाईला गाठ आहे, पण ती कसली हे ठाऊक नाही. तिला टेबलावर घ्यावयाचे, भूल द्यावयाची, तुकडा काढून तपासणीला पाठवावयाचा. तो निर्दोष निघाला तर टाके घालावयाचे; सदोष निघाला तर त्याच भुलेत, तिला जागे न करता, सारा स्तन काढून टाकावयाचा. त्या सर्वाची सही आधीच घेऊन ठेवलेली. बाई शुद्धीवर आली की पहिल्याने हात नेई तो छातीकडे, आपण कोणत्या जगात जाग्या झालो आहोत हे चाचपण्यासाठी. सकाळी ती रोगी नव्हती; संध्याकाळी ती कर्करोगातून वाचलेली होती; आणि मधले सारे तिच्या गैरहजेरीत उरकले होते. फॅनीला तीन आठवडे मिळाले होते, हिला एक मिनिटही मिळाले नाही. शल्यवैद्यांचे म्हणणे असे, की या घाईमुळे बाईची काळजी वाचते. वाट पाहण्याच्या यातनांतून तिला आम्ही सोडवतो. हा युक्तिवाद अगदीच खोटा नव्हता, म्हणून तर तो इतका टिकला.

‘सायलेंट स्प्रिंग’ हे कीटकनाशकांवरचे पुस्तक लिहून जगाला जागे करणाऱ्या रेचेल कार्सन यांचे उदाहरण घ्या. 1960 च्या एप्रिलात त्यांचा स्तन काढण्यात आला. निदान काय, असे त्यांनी सरळ विचारले, आणि त्यांना सरळ उत्तर मिळाले नाही. वर्षअखेरीस गाठ पुन्हा दिसली तेव्हा त्यांनी क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल यांचा सल्ला घेतला, आणि तेथे प्रथम खरे काय ते कळले. रसायनांनी जीवसृष्टीवर काय परिणाम होतात याचे पुरावे गोळा करणाऱ्या शास्त्रज्ञ बाईला स्वतःच्या शरीराचा पुरावा दाखविण्यात आला नव्हता! 1962 मध्ये पुस्तक आले, 1964 च्या एप्रिलात त्या गेल्या.

हे बदलले ते प्रयोगशाळेत नव्हे. 1974 च्या जून महिन्यात रोझ कुशनर या अमेरिकन पत्रकार बाईंना गाठ लागली. त्यांनी ग्रंथालयात जाऊन मिळेल ते वाचून काढले आणि एक साधी अट घातली: आधी तुकडा तपासा, मला जागे करा, काय आहे ते सांगा, मग पुढचे मी ठरवीन. एकामागून एक शल्यवैद्यांनी ही अट नाकारली. अखेर एक भेटला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या 28 तारखेला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी यांच्यावर त्या जुन्या एकाच भुलेच्या रीतीने शस्त्रक्रिया झाली. आदल्या रात्री कुशनरबाईंनी आपले म्हणणे राष्ट्राध्यक्षांच्या घरापर्यंत पोचविण्याची धडपड केली. मिळालेले उत्तर असे, की राष्ट्राध्यक्षांचा निर्णय झाला आहे. राष्ट्राध्यक्षांचा! बेटी फोर्ड यांनी मात्र एक मोठे काम केले. आपला आजार त्यांनी लपविला नाही, आणि त्या बातमीनंतर हजारो बायका तपासणीसाठी पुढे आल्या. अतोस्सा राणीची लाज एका झटक्यात थोडीफार सैल झाली.

कुशनरबाई लिहीत राहिल्या, सभांतून उठून प्रश्न विचारीत राहिल्या, शल्यवैद्यांच्या शिव्याही खात राहिल्या. 1979 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची जी परिषद बसविली, तिच्या मंडळावर त्यांना घेण्यात आले. त्या मंडळाने शिफारस केली, की निदान आणि शस्त्रक्रिया ही दोन वेगळी पावले असावीत. दुसरीकडे पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी 1971 पासून मोठ्या चाचण्या घेऊन दाखवून दिले, की पुष्कळ रुग्णांत नुसती गाठ काढून किरणोपचार दिल्याने आयुष्य तेवढेच मिळते. 2002 मध्ये वीस वर्षांच्या पाहणीनेही तेच सांगितले. म्हणजे निवड करण्याजोगे काही खरोखरच होते. मधले दिवस बायकांना परत मिळाले, आणि ते कोणी दान म्हणून दिले नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न पोचला तो न्यायालयाच्या वाटेने. खटला स्तनाच्या शस्त्रक्रियेचा नव्हता. एका बाईला तपासणीसाठी म्हणून भूल दिली गेली, आणि ती बेशुद्ध असतानाच तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशयासह अवयव काढण्यात आले. 2008 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती नव्हे. जीव वाचविण्याची निकड असेल तर गोष्ट वेगळी. रुग्ण सज्ञान असताना दुसऱ्याचा होकार चालत नाही. दुब्वाने नवऱ्याला बाजूला घेतले, रशने बापाला पत्र लिहिले, आणि जवळजवळ दोनशे वर्षांनी दिल्लीत हे असे कागदावर आले.

आता आजच्या वाट पाहण्याविषयी. सुईने काढलेला तुकडा रोगतज्ज्ञाकडे जातो. पूर्वी एकच प्रश्न असे: कर्करोग आहे की नाही? आज प्रश्नांची मालिका असते. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी 1896 मध्ये अंडाशय काढल्यावर स्तनातील गाठ आक्रसल्याचे दाखविले होते. त्याचे कारण पुढे उलगडले: काही गाठी स्त्रीसंप्रेरकावर पोसतात. तेव्हा गाठीला त्या संप्रेरकाचे ग्राहक आहेत का, हे पाहावे लागते. हर-टू नावाचे प्रथिन जास्त आहे का, हेही पाहावे लागते, कारण त्यावरचे खास औषध 1998 पासून उपलब्ध आहे. या प्रत्येक परीक्षेला वेगळे रंग आणि वेगळे दिवस लागतात. शिवाय रोग अन्यत्र गेला आहे का, याच्या तपासण्या. मग शल्यवैद्य, औषधतज्ज्ञ, किरणतज्ज्ञ, रोगतज्ज्ञ एका टेबलाभोवती बसतात आणि मार्ग ठरवितात.

गाठ दुर्मिळ असेल तर यात आणखी भर पडते. 1874 साली लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी पंधराएक बायकांची हकीकत मांडली. स्तनाग्रावर इसबासारखे काही दिसे, मलमे लावली जात, आणि वर्षादोन वर्षांत आत कर्करोग सापडे. नाव नसलेल्या रोगाला मलमाखेरीज काय मिळणार! आज तो प्रकार पॅजेटच्याच नावाने ओळखला जातो. दुर्मिळ गाठीला आधी नाव मिळवून द्यावे लागते. म्हणून तिच्या चकत्या दुसऱ्या, अधिक अनुभवी डोळ्यांकडे पाठवितात. आणि दुर्मिळ म्हणजे भयंकर, असे समीकरण नाही. सूज आणि लाली घेऊन येणारा प्रकार वेगाने पसरतो, त्याला तातडी करावी लागते. उलट ॲडिनॉइड सिस्टिक म्हणून एक अगदी विरळा प्रकार आहे, तो बहुधा सौम्यपणे वागतो. एकीला जो उपचार हवा, तो दुसरीला अनाठायी. चकतीचा दुसरा अभिप्राय यायला आठवडा लागला, तर तो आठवडा वाया गेलेला नसतो.

अर्थात वाट पाहण्यालाही मर्यादा आहे. 2020 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांची आकडेवारी एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की शस्त्रक्रिया चार आठवड्यांनी लांबली की मृत्यूचा धोका शेकडा सहा ते आठांनी वाढतो. तेव्हा तपासणीसाठी लागणारे दिवस वेगळे, आणि पैसे जमेनात म्हणून, खाट मिळेना म्हणून, कोणी सोबत येईना म्हणून जाणारे महिने वेगळे. पहिल्यांना मी हक्क म्हणतो. दुसऱ्यांना हक्क म्हणणे ही क्रूर थट्टा होईल.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात वारल्या आणि पुढच्याच वर्षी पती दोराबजीही गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या विश्वस्तनिधीतून ही वास्तू उभी राहिली. ज्या रस्त्यावर ती आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या तेथल्याच गोमंतकीय शल्यवैद्याचे नाव आहे. सातारा, नांदेड, गोंदिया, आणि त्याहून दूर बिहार-बंगालमधून माणसे येथे येतात. मुंबईत ज्यांचे कोणी नाही, त्यांतले कितीतरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. ज्या साधूने जन्मभर हातात खराटा घेऊन धर्मशाळा बांधल्या, त्याच्या नावाच्या वास्तूत आज राहतात ती तपासणीच्या निकालाची वाट पाहणारी माणसे.

तेथे फाइलला फार मान असतो. ती उशाशी ठेवतात, पिशवीत पिशवी घालून पावसापासून जपतात. बाईच्या फाइलमध्ये बाईचे नाव असते, आणि निकालाचा कागद आला की तो तिच्याच हाती पडतो. इंग्रजी वाचता येत नसेल तर ती तो शेजारच्या खाटेवरच्या पोरीकडून वाचून घेते, न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढवते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते शब्द विचारायला दादरहून परळला चालत निघते.